कस्तुरबा गांधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या सहली घेऊन मी बरीच वर्षं पुण्याच्या आगाखान पॅलेसला जाते आहे. सहल झाली की पालकांचे, शिक्षकांचे आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांचे प्रश्न येऊ लागतात. बहुतेक तेच ते असतात, काही मात्र चांगलेच अडचणीत आणणारे. त्यातले निवडक उत्तरांसह इथे दिले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, वादाचे पुढे आहेत.

१. कस्तुरबा म्हणजे नेमक्या कोण? चार ओळींत सांगा.

महात्मा गांधींच्या पत्नी. जन्म काठेवाडातल्या पोरबंदरचा, १८६९ सालचा. वडील गोकुळदास माकनजी कापडिया तिथले व्यापारी. संसाराची सुरुवात राजकोटला झाली, पुढे दक्षिण आफ्रिका, साबरमती आणि वर्ध्याजवळचं सेवाग्राम. मृत्यू पुण्यात, याच आगाखान पॅलेसमध्ये इंग्रज सरकारच्या कैदेत असताना, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी. चार ओळी झाल्या. पण बाई चार ओळींत मावणारी नव्हती.

२. 'बा' म्हणजे तर बाप ना? मग बाईच्या नावात 'बा' कसं?

दर सहलीला हा प्रश्न येतो आणि तो अगदी रास्त आहे. आपल्याकडे 'बा' म्हणजे बाप. ज्ञानोबा, विठोबा, तुकोबा अशी सगळी पुरुषांची नावं कानात बसलेली. त्यामुळे एका मुलाने मला सरळ विचारलं होतं, "बाई, कस्तुरबा हे गांधीजींचे भाऊ का?" गुजरातीत 'बा' म्हणजे आई. मूळ नाव कस्तूर, मग कस्तूरबाई, आणि आश्रमात सगळ्यांची आई झाल्यावर कस्तुरबा किंवा नुसतंच बा. त्यामुळे मराठीत लिहिताना 'बा म्हणाल्या', 'बांनी केलं' असं लिहावं. 'कस्तुरबाबाई' असं कुठे कुठे दिसतं, ते मात्र नको.

३. दोघांत वयाने मोठं कोण? लग्न कितव्या वर्षी झालं?

बा मोठ्या, साधारण सहा महिन्यांनी. त्यांची जन्मतारीख ११ एप्रिल १८६९ धरली जाते, गांधीजींची २ ऑक्टोबर १८६९ आहे. लग्नाच्या वेळी आपण तेरा वर्षांचे होतो असं गांधीजींनी लिहिलं आहे. म्हणून काही पुस्तकांत १८८२ साल सापडतं, काहींत १८८३. खर्च वाचावा म्हणून घरच्यांनी एकाच मांडवात तीन लग्नं उरकली : मोहनदासचं, त्याच्या थोरल्या भावाचं आणि एका चुलतभावाचं.

४. बा निरक्षर होत्या का?

नाही, पण शाळेतही गेल्या नव्हत्या. गुजराती वाचायच्या, अडखळत लिहायच्या. १९३३ सालची त्यांची गुजराती रोजनिशी सापडली आणि २०२२ साली छापूनही आली. शिकवण्याचा उत्साह नवऱ्याला लग्नापासूनच होता, पण त्या वयात नवरेपणाच आडवा आला, असं तेच कबूल करतात. पुढे पंच्याहत्तरीला टेकलेली बाई आगाखान पॅलेसच्या कैदेत नवऱ्याकडून भूगोल शिकत होती.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढच्या बहुतेक उत्तरांना ती लागू आहे. बांच्या आयुष्यातले गाजलेले प्रसंग आपल्याला ठाऊक आहेत ते मुख्यतः गांधीजींच्या लेखणीतून. भांडणातल्या दोन्ही बाजू एकाच माणसाने लिहिल्या आहेत. तो माणूस स्वतःविरुद्ध लिहायला कचरत नसे, हे आपलं नशीब.

५. त्या भारताच्या 'फर्स्ट लेडी' होत्या का? की 'राष्ट्रमाता'?

दोन्ही नाही. गांधीजींनी कधीच सरकारी पद घेतलं नाही. काँग्रेसचे अध्यक्षही ते एकदाच झाले, १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात. शिवाय देश स्वतंत्र झाला तो बा गेल्यानंतर साडेतीन वर्षांनी. आपल्या राज्यघटनेत राष्ट्रपतींच्या किंवा पंतप्रधानांच्या जोडीदाराला काही पद नाही. 'फर्स्ट लेडी' हा अमेरिकेकडून आलेला शिरस्ता. 'राष्ट्रमाता' हे लोकांनी आदराने म्हटलेलं आहे, सरकारी किताब नाही. परीक्षेत विचारलं तर तसंच लिहा.

पद नव्हतं म्हणजे सार्वजनिक काम नव्हतं असं नाही. त्यासाठी प्रश्न ८ आणि १० पाहा.

६. गांधीजींनी बांना घराबाहेर काढलं होतं म्हणतात. खरं आहे का?

हो. प्रसंग दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनच्या घरातला, १८९८ च्या सुमाराचा. गांधीजी तेव्हा कमावते वकील होते आणि त्यांचे कारकून त्यांच्याच घरी राहत. खोल्यांना मोरी नव्हती, रात्री मूत्रपात्रं ठेवलेली असत आणि सकाळी ती घरच्यांनी रिकामी करायची असा नियम. जुने कारकून आपापलं पात्र स्वतः नेत. पण एक नवा आला होता, पंचम म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या आईबापांचा, धर्माने ख्रिस्ती. त्याचं पात्र उचलायची पाळी या दोघांवर आली. बांना ते स्वतः उचलणं नको होतं आणि नवऱ्याने उचललेलं तर त्याहून नको होतं. रडत रडत, हातात भांडं घेऊन त्या जिना उतरत होत्या.

नवऱ्याला तेवढ्यावर समाधान नव्हतं. काम हसतमुखाने व्हायला हवं होतं! तो ओरडला, असला तमाशा माझ्या घरात चालणार नाही. बा म्हणाल्या, मग ठेवा तुमचं घर तुमच्यापाशी. त्याने मनगट धरून फाटकापर्यंत ओढत नेलं आणि फाटक उघडलं. तेव्हा बांनी जे सुनावलं त्याचा मथितार्थ असा : तुम्हाला काही लाज आहे का? इथे माझे आईबाप नाहीत, भाऊबंद नाहीत, मी जाऊ कुठे? फाटक लावा, लोक बघतील. त्याने फाटक लावलं.

हा प्रसंग गांधीजींनी आत्मकथेत प्रायश्चित्त म्हणूनच घातला आहे. मुलं मला विचारतात, यात कोण बरोबर? अस्पृश्यतेच्या बाबतीत नवरा बरोबर होता, आणि बायकोचं मनगट धरून ओढण्यात शंभर टक्के चूक. दोन्ही एकाच सकाळी, एकाच जिन्यावर खरं होतं.

७. दागिन्यांची गोष्ट काय आहे?

१९०१ साली कुटुंब दक्षिण आफ्रिका सोडून भारतात परत निघालं, तेव्हा तिथल्या भारतीय लोकांनी निरोपाला भेटींचा ढीग लावला. सोनं, चांदी, हिरेसुद्धा. त्यात पन्नास गिनींचा एक सोन्याचा हार होता, तो खास बांसाठी. गांधीजींना रात्रभर झोप आली नाही. सकाळपर्यंत ठरलं, सगळं समाजाला परत द्यायचं आणि विश्वस्त निधी करायचा. आधी मुलांना पटवलं, मग मुलांना पुढे करून बायकोकडे मोर्चा वळवला. वकील तो वकीलच.

बांनी मात्र एकेक मुद्दा उलटवला. मी नाही घालणार, पण उद्या सुना येतील त्यांचं काय? माझे होते ते दागिने तुम्ही आधीच उतरवलेत, आता सुनांना काय करून घालणार आहात? आजपासून पोरांना बैरागी करायला निघालात! हार मला दिलाय, तुम्हाला नाही. नवऱ्याने विचारलं, हार मिळाला तो तुझ्या सेवेमुळे की माझ्या? उत्तर आलं की तुमची सेवा ती माझीही सेवाच आहे, रात्रंदिवस तुमच्यासाठी मी राबले ती काय सेवा नव्हे?

हार गेलाच. पण हा शेवटचा मुद्दा खोडून काढता आला असं गांधीजींनीही लिहिलेलं नाही. बोचरी होती ती वाक्यं, एवढंच ते म्हणतात. पुढाऱ्याच्या बायकोच्या कामाची मजुरी कोणाच्या खात्यावर जमा होते, हा प्रश्न बांनी १९०१ साली विचारून ठेवला आहे.

८. बा पहिल्यांदा तुरुंगात कधी गेल्या?

१९१३ साली, दक्षिण आफ्रिकेत. कुटुंब मधल्या काळात पुन्हा तिथे गेलं होतं. त्या वर्षी मार्चमध्ये केप प्रांताच्या न्यायालयाचे न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ख्रिस्ती पद्धतीने न झालेले आणि नोंदणी नसलेले विवाह कायदा मानणार नाही. म्हणजे एका फटक्यात तिथल्या हिंदू, मुसलमान, पारशी बायका कायद्याच्या लेखी बायका उरल्याच नाहीत. सप्टेंबरमध्ये गांधीजींच्या डरबनजवळच्या फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची तुकडी परवान्याशिवाय नाताळ प्रांताची हद्द ओलांडून शेजारच्या ट्रान्सवाल प्रांतात शिरली. त्यात चार बायका होत्या आणि त्यातल्या एक बा. २३ सप्टेंबरला शिक्षा झाली, तीन महिने सक्तमजुरी, रवानगी मॅरित्झबर्गच्या तुरुंगात. सुटल्या तेव्हा हाडांचा सापळा झाला होता. १९१४ च्या कायद्याने हे विवाह पुन्हा मान्य झाले.

भारतातले तुरुंग पुढचे : १९३२–३३ च्या सविनय कायदेभंगात, १९३९ ला राजकोटला (प्रश्न १०) आणि १९४२ ला (प्रश्न १४).

९. पण त्या स्वतःहून गेल्या की नवऱ्याने पाठवलं?

याच्या दोन हकिगती आहेत. गांधीजी लिहितात की त्यांनी बायकोला मुद्दामच विचारलं नव्हतं. नवऱ्याच्या शब्दाखातर हो म्हणेल आणि कोर्टात कचरेल, ही भीती. आश्रमातल्या इतर बायकांशी चाललेलं बोलणं बांनी ऐकलं आणि त्या उखडल्या की मला का सांगितलं नाही, तुरुंगात जायला मी काय नालायक आहे?

फिनिक्समधल्या एका सहकाऱ्याच्या आठवणीत चित्र वेगळं आहे. स्वयंपाकघरात बा काम करताहेत आणि गांधीजी डिवचताहेत की आजपासून तू माझी लग्नाची बायको नाहीस, सरकारच तसं म्हणतंय. बा चिडतात, उपाय विचारतात आणि बोलणं तुरुंगापर्यंत येतं.

मला दुसरी हकिगत जास्त घरगुती, म्हणून जास्त खरी वाटते. पण दोन्हींत निर्णय शेवटी बांच्या तोंडून येतो, हे सोडू नका.

१०. भारतात परतल्यावर त्यांनी स्वतः काय काम केलं?

सर्वांत मोठं काम कुठल्याच यादीत येत नाही, ते म्हणजे आश्रमाचं स्वयंपाकघर. शंभर माणसांची पंगत, त्यात कोणी उपाशी, कोणी फलाहारी, कोणी प्रयोग करणारा. बाकीचं असं :

१९१७ ला चंपारणमध्ये नीळ शेतकऱ्यांच्या लढ्याबरोबर गावोगाव शाळा आणि स्वच्छतेचं काम सुरू झालं. बा भितिहरवा गावात राहिल्या. तिथल्या बायकांचे कपडे फार मळके दिसले, म्हणून गांधीजींनी बांना त्यांच्याशी बोलायला सांगितलं. एका बाईने बांना झोपडीत नेलं आणि म्हणाली, बघा, पेटी नाही, कपाट नाही, अंगावरचं लुगडं एकच. धुऊ कशी? गांधीजींना आणून द्यायला सांगा दुसरं, रोज आंघोळ करीन. हे ऐकून आल्या त्या बा. गरिबीबद्दलचं एवढं नेमकं वाक्य पुरुषासमोर उच्चारलं गेलं नसतं.

१९२२ ला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा खादी आणि चरख्याचं आवाहन बांनी स्वतःच्या नावाने केलं. १९३९ ला राजकोट संस्थानात लोकांचा लढा पेटला. सत्तरीला आलेल्या बा म्हणाल्या, राजकोट माझं घर आहे, मी जाणार. गेल्या आणि स्थानबद्ध झाल्या. आधी सणोसरा, मग त्रंबा. त्या वेळी गांधीजी नंतर पोहोचले, हे मला फार आवडतं.

११. 'चार रुपयांचा' वाद काय होता?

आश्रमाचा नियम असा की कोणी भेट म्हणून पैसे दिले तर ते आश्रमाच्या खात्यात जमा करायचे. १९२९ साली पाहुण्यांनी बांना दिलेले चार रुपये त्यांनी जमा केले नाहीत, स्वतःजवळ ठेवले. त्याआधीही शे-दोनशे रुपये जवळ ठेवल्याचं निघालं होतं. गांधीजींनी हे आपल्या साप्ताहिकात छापलं, लाज आणि दुःख अशा मथळ्याखाली. अख्ख्या देशाने वाचलं.

पुढाऱ्यांच्या नातेवाइकांची मालमत्ता पाहिली की लोकांना हा लेख आठवतो आणि ते कौतुक करतात. करा. पण मला त्यात दुसरंही दिसतं. साठीच्या बाईजवळ स्वतःचे म्हणावेत असे चार रुपये नसावेत, आणि असले तर ते वर्तमानपत्रात यावेत? नातवंडांच्या हातावर काय ठेवायचं तिने? प्रश्न ७ मधला हार इथवर येऊन पोहोचला होता.

१२. बा जातपात पाळायच्या का?

सुरुवातीला हो, मग बदलत गेल्या. पण बदल सरळ रेषेत नव्हता. डरबनचा प्रसंग वर आलाच आहे. १९१५ ला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दुदाभाई हे दलित शिक्षक बायको आणि तान्ह्या लक्ष्मीसह राहायला आले, तेव्हाही बांनी नाराजी दाखवली. पुढे तीच लक्ष्मी आश्रमाची मुलगी म्हणून वाढली.

मग १९३८ ला ओरिसात डेलांगला मुक्काम असताना बा, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या पत्नी दुर्गाबेन यांच्यासह, पुरीच्या जगन्नाथाचं दर्शन घेऊन आल्या. मंदिर हरिजनांना बंद होतं. गांधीजींना इतका धक्का बसला की रक्तदाब वाढला. दोष त्यांनी स्वतःला आणि महादेवभाईंना दिला, बायकांना नीट समजावलं नाही म्हणून. महादेवभाई तर आश्रम सोडायला निघाले. जगन्नाथाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरायचं, हे एका भाविक बाईला किती जड गेलं असेल, ते वारी चुकलेल्या माणसाला विचारा.

१३. त्यांना मुलं किती? हरिलालचं काय झालं?

पहिलं मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं. नंतर चार मुलगे : हरिलाल (१८८८), मणिलाल (१८९२), रामदास (१८९७), देवदास (१९००). देवदासच्या वेळी सुईण वेळेवर आली नाही आणि बाळंतपण गांधीजींनीच केलं.

हरिलालचं वडिलांशी बिनसलं ते कायमचं. दारू, कर्ज, १९३६ ला मुंबईत धर्मांतर आणि त्याच वर्षी परत हिंदू. बांनी तेव्हा मुलाला उद्देशून जाहीर पत्र लिहिलं होतं. पण लोक सांगतात ती कटनी स्टेशनची गोष्ट. गाडी थांबली, गर्दी 'महात्मा गांधी की जय' म्हणत होती. एक आवाज वेगळा आला, 'माता कस्तुरबा की जय'. हरिलाल होता, दात पडलेले, कपडे फाटके. खिशातून एक संत्रं काढून म्हणाला, बा, हे तुझ्यासाठी. बापूंनी विचारलं, मला काही नाही? तर म्हणाला, तुमचा मोठेपणा आहे तो बामुळे. बांनी त्याला बरोबर चल म्हटलं, तो आला नाही. गाडी सुटल्यावर बांच्या लक्षात आलं, डब्यात फळं होती आणि पोराला एकही द्यायचं सुचलं नाही.

१४. १९४२ ला बा पुण्यात कशा आल्या?

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे गांधीजींना मुंबईच्या बिर्ला हाउसमधून पकडलं. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांची सभा होती. बोलणार कोण? बा म्हणाल्या, मी. सभेला निघतानाच त्यांना आणि डॉ. सुशीला नय्यर यांना अटक झाली. आधी आर्थर रोड तुरुंग, आणि दोन दिवसांनी आगाखान पॅलेस. न झालेलं हे भाषण हा माझ्या मते त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण आहे.

पॅलेसमध्ये आठवडाही झाला नाही तोच १५ ऑगस्टला महादेवभाई गेले. बा त्यांना मुलासारखं मानत. मग कॅरम, चरखा, तो भूगोल आणि ढासळत चाललेली छाती.

१५. गांधीजींनी बांना पेनिसिलिन देऊ दिलं नाही, हा आरोप खरा का?

वस्तुस्थिती अशी : फेब्रुवारी १९४४ मध्ये हृदयविकारात न्यूमोनियाची भर पडली. देवदासने कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन मागवलं, तेव्हा ते औषध भारतात दुर्मीळच होतं. ठरावीक तासांनी सुया टोचाव्या लागतील असं कळल्यावर गांधीजी म्हणाले, आता देवावर सोड. बापलेकांत बरीच चर्चा झाली आणि देवदासने माघार घेतली. त्याच संध्याकाळी बा गेल्या, पतीच्या मांडीवर.

टीकाकार म्हणतात की स्वतःच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया गांधीजींनी १९२४ ला पुण्याच्याच ससूनमध्ये करून घेतली होती, आणि बांनंतर मलेरिया झाला तेव्हा क्विनाइनही घेतलं. हे खरं आहे. डॉक्टरांना त्या टप्प्यावर फारशी आशा नव्हती, हेही खरं आहे. मला त्याआधीची एक गोष्ट आठवते. १९०८-०९ च्या सुमारास डरबनला बा मरणाच्या दारात होत्या आणि डॉक्टर गोमांसाचा अर्क देऊ पाहत होते. तेव्हा गांधीजींनी बांना विचारलं. बा म्हणाल्या, नको, तुमच्या मांडीवर मरेन. मग पावसातून, झोळीत घालून त्यांना फिनिक्सला नेलं. तेव्हा नकार बांचा होता. १९४४ चा नकार त्यांचा नव्हता, आणि मला खुपतं ते हे.

१६. पुण्यतिथी कधी? तारखेने की तिथीने?

तारीख २२ फेब्रुवारी. १९४४ साली त्या दिवशी महाशिवरात्र होती, म्हणून काही जण तिथीने पाळतात. शिवजयंतीसारखा वाद यावर कोणी घालत नाही. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस भारतात राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन असतो.

१७. 'कस्तुरबा' नावाच्या संस्था कोणत्या? गोंधळ होतो.

मुंबईत चिंचपोकळीजवळ संसर्गजन्य रोगांचं कस्तुरबा रुग्णालय आहे, महापालिकेचं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय वेगळं, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं. कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्टचं केंद्र इंदूरजवळ कस्तुरबाग्रामला आहे. गांधीजींच्या पंचाहत्तरीपर्यंत पंचाहत्तर लाख जमवायचे ठरलं होतं, त्याहून जास्तच जमले, आणि पैसा खेड्यातल्या बायका-मुलांसाठी राखला गेला. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं ही २००४ ची केंद्र सरकारची निवासी शाळांची योजना. आणि सेवाग्रामची 'बा कुटी' ही संस्था नव्हे, झोपडी. पुरुषांच्या गराड्यात बांना आडोसा नव्हता, हे जमनालाल बजाजांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती बांधून दिली.

१८. मुलीला शाळेत कस्तुरबा व्हायचंय. पोशाख काय?

पांढरी खादीची साडी, रंगीत काठाची चालेल. गुजराती पद्धतीने नेसवा, डोक्यावर पदर, कपाळाला कुंकू. नऊवारी नको. दक्षिण आफ्रिकेतला सुरुवातीचा प्रसंग असेल तर साडी पारशी पद्धतीची आणि पायात बूटमोजे, कारण नवऱ्याने तेव्हा तसा हुकूम काढला होता. प्रसंग निवडायचा तर प्रश्न ७ मधला घ्या, संवाद आयते आहेत आणि हशाही मिळतो.

बांगड्या काचेच्याच घाला, प्लॅस्टिकच्या नकोत. पॅलेसच्या आवारात दहन झालं, त्यानंतर राख सावडताना बांच्या काचेच्या बांगड्या अखंड सापडल्या होत्या.